वेदना, प्रतिमा आणि अहवाल : पाठदुखीच्या एम.आर.आय. अहवालाची एक चिकित्सा

सारांश : वेदनेच्या उपचारात क्ष-किरण, सी.टी. स्कॅन, एम.आर.आय. व सोनोग्राफी या प्रतिमांचे स्थान कोणते, हा प्रश्न सामान्यतः वैद्यकशास्त्राचा मानला जातो. प्रस्तुत लेखात तो संहितेच्या आणि वाचनाच्या अंगाने मांडला आहे. रुग्णाच्या हाती प्रतिमा क्वचितच पडते. पडतो तो प्रतिमेचा लिखित अहवाल. पाठदुखीच्या अहवालाची भाषा, त्यातील पाठभेद आणि वाचकावर होणारा त्याचा परिणाम तपासून प्रतिमेचे उपचारातील योग्य स्थान निश्चित करण्याचा हा प्रयत्न आहे.

बीजसंज्ञा : वेदना, प्रतिमा, अहवाल, शब्दशक्ती, पाठभेद, पाठदुखी.

१. प्रस्तावना

मराठीत ‘चिकित्सा’ हा शब्द दोन क्षेत्रांत रूढ आहे. वैद्य रुग्णाची चिकित्सा करतो, अभ्यासक संहितेची पाठचिकित्सा करतो. समोर जे दिसते त्यावरून त्यामागे काय आहे याचा निर्णय दोघांनाही करावयाचा असतो. या दोन क्षेत्रांचा संबंध जेथे प्रत्यक्ष येतो असे एक ठिकाण म्हणजे वैद्यकीय प्रतिमेचा अहवाल होय. तो वैद्यकाचा दस्तऐवज आहे, तशीच ती वाचली जाणारी संहिताही आहे. वैद्यक म्हणून त्याचा विचार पुष्कळ झाला आहे. संहिता म्हणून मराठीत त्याकडे पाहिले गेल्याचे फारसे आढळत नाही.

या लेखाला निमित्त झालेला अहवाल घरातला आहे. नाशिकच्या इंदिरानगरात राहणाऱ्या प्रस्तुत लेखकाच्या थोरल्या बहिणीला कंबरदुखीसाठी एम.आर.आय. काढण्यास सांगण्यात आले. अहवाल आला तो दोन पानांचा आणि इंग्रजीत. त्यात कमरेच्या एका गादीला ‘माइल्ड डिफ्यूज बल्ज’ आणि बाकीच्यांत ‘डिजनरेटिव्ह चेंजेस’ असल्याची नोंद होती. त्या दिवसापासून ताईंनी जॉगिंग ट्रॅकवरचे रोजचे फिरणे सोडले, पाण्याची कळशी उचलणे सोडले आणि पुढे जिना चढणेही सोडले. “माझा मणका खराब झालाय, कागदावर लिहून दिलंय,” असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. आठ महिन्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरांनी त्यांना पाठीवर झोपवून दोन्ही पाय आळीपाळीने सरळ उचलून पाहिले, पायाच्या अंगठ्याची ताकद पाहिली, दुखणे कोठून निघते व कोठे जाते ते विचारले आणि फिरायला जाण्यास सांगितले. कागद तोच होता. त्याचे वाचन बदलले आणि ताई चालू लागल्या.

हा अनुभव एका घरापुरता नाही. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या या वसाहतीत, तसेच अंबड-सातपूरच्या कामगारवस्तीत आणि दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांतून वाकून काम करणाऱ्या मजुरांतही ‘मणक्यात गॅप आली’ हे वाक्य आता निदान म्हणून बोलले जाते. ते बहुधा प्रतिमेच्या अहवालाकडे पाहून सांगितलेले असते आणि त्यावर माणसाचे काम, कमाई व कधी शस्त्रक्रियाही ठरते. म्हणून या संहितेची चिकित्सा आवश्यक वाटते.

२. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न

आयुर्वेदात रुग्णपरीक्षेची तीन साधने सांगितली आहेत : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. वैद्याने पाहावे, हात लावून तपासावे आणि विचारावे. आधुनिक वैद्यकाची परीक्षापद्धतीही शतकानुशतके याच तीन साधनांवर उभी होती. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म राँटगेन यांना जर्मनीतील वुर्झबर्ग येथे एका अज्ञात किरणाचा शोध लागला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताच्या हाडांचे चित्र घेतले. तेव्हापासून ‘दर्शन’ या साधनाची शक्ती झपाट्याने वाढत गेली. १९७१ मध्ये लंडनजवळच्या एका रुग्णालयात सी.टी. स्कॅनने रुग्णाच्या मेंदूची पहिली प्रतिमा घेतली गेली. त्या तंत्रासाठी हाउन्सफील्ड व कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि एम.आर.आय.च्या पायाभूत संशोधनासाठी लॉटरबर व मॅन्सफील्ड यांना २००३ चे. गादी, मज्जारज्जू, नस यांसारखे मृदू भाग चाकू न लावता पाहता येणे ही वैद्यकातील फार मोठी प्राप्ती आहे, याबद्दल दुमत नाही.

मात्र वेदना ही पाहण्याची वस्तू नाही. हा शब्द ज्या ‘विद्’ धातूपासून आला त्याचा अर्थ जाणणे असा आहे. वेदना म्हणजे ज्याची त्याने जाणलेली गोष्ट. वेदनेच्या अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये सुधारलेली व्याख्याही याच दिशेने जाते. तिच्यानुसार वेदना हा एक अप्रिय संवेदनात्मक आणि भावनिक अनुभव आहे. तो ऊतींच्या प्रत्यक्ष वा संभाव्य हानीशी निगडित असतो किंवा तशा हानीशी निगडित अनुभवासारखा असतो. शेवटची पुस्ती महत्त्वाची आहे. हानी दिसली नाही तरी वेदना खरी असू शकते, आणि हानी दिसली म्हणून वेदना असेलच असे नाही.

मेंदूच्या कार्यदर्शी एम.आर.आय.ने वेदनाच पाहता येईल, अशी आशा मध्यंतरी व्यक्त झाली होती. २०१३ मध्ये निरोगी व्यक्तींना उष्णतेचा चटका देऊन केलेल्या प्रयोगांतून त्या वेदनेची मेंदूतील एक ठेवण शोधून काढण्यात आली. परंतु प्रयोगशाळेतील क्षणिक चटका आणि वर्षानुवर्षांचे दुखणे यांत अंतर आहे. एखाद्याची चिवट वेदना खरी की खोटी हे न्यायालयात वा विम्याच्या दाव्यात ठरवण्यासाठी अशा प्रतिमा वापरू नयेत, असे तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय कृतिगटाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. रुग्णाचे सांगणे हाच आजही वेदनेचा मुख्य पुरावा आहे.

३. अहवालाची संहिता आणि तिच्या शब्दशक्ती

मराठी रुग्ण आपले दुखणे ज्या शब्दांत सांगतो ते शब्द ढोबळ नाहीत. उसण भरणे, लचक भरणे, चमक निघणे, कळ येणे, ठणका लागणे, रग लागणे, सणक जाणे, मुंग्या येणे, आग होणे, पाय जड पडणे, पाय बधिर होणे : या प्रत्येकात दुखण्याची जात, गती आणि जागा सांगितलेली असते. ‘कंबर धरली’ म्हणणारा आणि ‘कळ मांडीतून पोटरीत उतरते, पावलाला मुंग्या येतात’ म्हणणारा यांच्यातील फरक अनुभवी डॉक्टरला पुष्कळ काही सांगून जातो. पहिल्यात स्नायू व सांधे यांचा, तर दुसऱ्यात नस दबल्याचा विचार आधी करावा लागतो.

अहवालात यातील एकही शब्द नसतो. वर ‘लो बॅकएक’ एवढी दोन शब्दांची पूर्वपीठिका येते आणि मग प्रत्येक पातळीवरील गादीचे वर्णन सुरू होते. ही भाषा वर्णनपर, कर्ताहीन आणि सावध असते. भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर अहवाल अभिधेने लिहिला जातो. ‘डिजनरेशन’ म्हणजे गादीतील पाण्याचा अंश कमी होणे, ‘बल्ज’ म्हणजे गादीची कड थोडी बाहेर येणे, ‘इंडेंटिंग द थीकल सॅक’ म्हणजे त्या कडेने मज्जापिशवी किंचित दाबली जाणे. लिहिणाऱ्याला एवढाच वाच्यार्थ अभिप्रेत असतो.

वाचणारा मात्र व्यंजनेने वाचतो. ‘डिजनरेशन’ची ‘झीज’ होते. झीज म्हटली की ती भरून न येणारी आणि वाढतच जाणारी. ‘बल्ज’ची ‘गादी सरकली’ होते. सरकलेली वस्तू जागेवर बसवावी लागते. मणक्यांमधील अंतर कमी झाले तरी त्याला ‘गॅप’ म्हणतात, आणि गॅप म्हणजे तुटणे. परिभाषा कोशातील प्रतिशब्द देऊन हा प्रश्न सुटत नाही. ‘अपक्षयी बदल’ असे लिहिले तरी भीती तेवढीच राहील, उलट शब्द अधिक अनोळखी होईल. केवळ भाषांतर पुरणार नाही, कारण अहवालात प्रमाण सांगणारे वाक्यच नसते. हा बदल या वयात किती जणांना असतो, हे कोठेही लिहिलेले नसते.

अहवालाच्या शेवटी बहुधा एक वाक्य येते : ‘सजेस्ट क्लिनिकल कोरिलेशन’. प्रस्तुत लेखकाच्या मते साऱ्या संहितेचा अर्थ लावण्याची सूचना या वाक्यात आहे. ‘मी जे पाहिले ते रुग्णाच्या तक्रारीशी व तपासणीशी ताडून पाहा, त्याखेरीज याला निदान मानू नका’ असे क्ष-किरणतज्ज्ञ त्यात सांगत असतो. म्हणजे दर्शनाला स्पर्शनाची आणि प्रश्नाची जोड द्या, असेच तो म्हणतो. रुग्ण हे वाक्य वाचत नाही, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरलाही त्यासाठी पुरेसा वेळ मिळेलच असे नाही.

४. पाठभेदांचा प्रश्न

प्राचीन ग्रंथाच्या अभ्यासकाला एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्यांत पाठभेद आढळले तर आश्चर्य वाटत नाही. एम.आर.आय. हे यंत्र असल्यामुळे त्याच्या अहवालात पाठभेद नसतील, असा मात्र सर्वसाधारण समज आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने तो तपासून पाहिला. कंबरदुखी व उजव्या पायात उतरणारी वेदना असलेल्या ६३ वर्षांच्या एका स्त्रीचा एम.आर.आय. तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या केंद्रांत काढण्यात आला. दहा अहवालांत मिळून ४९ वेगवेगळे दोष नोंदले गेले. त्यांपैकी दहाही अहवालांत आढळला असा एकही दोष नव्हता. एका स्त्रीचा अनुभव म्हणून त्याला मर्यादा आहेत. तथापि, पाठ एकच असताना वाचने दहा होतात हे त्यातून दिसते. प्रतिमा यंत्र काढते. अहवाल माणूस लिहितो.

५. न दुखणाऱ्या पाठींचा पुरावा

एखाद्या प्रतिमेत दिसणारा बदल दुखण्याचे कारण आहे, असे म्हणण्यासाठी तो बदल न दुखणाऱ्यांत किती आढळतो हे आधी पाहावे लागते. १९९४ मध्ये जेन्सन व सहकाऱ्यांनी पाठदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींचे एम.आर.आय. तपासले. ५२ टक्के लोकांत किमान एका पातळीवर गादी फुगलेली होती. सर्व गाद्या निर्दोष असलेले केवळ ३६ टक्के होते. २०१५ मध्ये ब्रिंजिक्जी व सहकाऱ्यांनी ३३ अभ्यासांतील ३,११० वेदनारहित व्यक्तींची माहिती एकत्र केली. त्यानुसार गादीची ‘झीज’ विशीत ३७ टक्के, पन्नाशीत ८० टक्के आणि ऐंशीत ९६ टक्के लोकांत आढळते. गादीचा फुगवटा विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के लोकांत. केस पांढरे होण्याइतकाच हा बहुतांशी वयाचा भाग आहे.

या पुराव्याचे टोकाचे वाचनही चुकीचे ठरेल. त्याच वर्षी त्याच अभ्यासगटाने असेही दाखवले की, पन्नाशीच्या आतील प्रौढांत यांपैकी काही बदल पाठदुखी असलेल्यांमध्ये नसलेल्यांपेक्षा अधिक प्रमाणात आढळतात. म्हणजे प्रतिमा निरर्थक नाही. एकट्या प्रतिमेवरून ‘याच गादीमुळे दुखते’ असे म्हणता येत नाही, एवढाच निष्कर्ष येथे निघतो.

६. अहवाल वाचल्याने काय होते?

अहवाल रुग्णाला सांगितल्याने त्याच्या बरे होण्यावर परिणाम होतो काय, हेही अभ्यासले गेले आहे. २००५ मध्ये मोडिक व सहकाऱ्यांनी नव्याने कंबरदुखी वा नसेची वेदना सुरू झालेल्या २४६ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला एम.आर.आय.चे निष्कर्ष लगेच कळवले, दुसऱ्याला कळवले नाहीत. निष्कर्ष कळल्याने रुग्ण अधिक बरे झाले नाहीत. उलट स्वतःच्या प्रकृतीविषयीची त्यांची भावना अधिक खालावलेली आढळली.

आपल्या दृष्टीने अधिक जवळचा अभ्यास कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलचा आहे. डॉ. एस. राजशेखरन व सहकाऱ्यांनी तो २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. कंबरदुखीच्या ४४ रुग्णांपैकी एका गटाला अहवालातील प्रत्येक नोंद जशीच्या तशी समजावून सांगितली. दुसऱ्या गटाला, प्रतिमा सर्वसामान्य आहे आणि दिसणारे बदल आनुषंगिक आहेत, असा धीर दिला. सहा आठवड्यांनंतर पहिल्या गटात आपल्या पाठीविषयीची भीती अधिक आणि वेदनेतील सुधारणा कमी आढळली. संख्या लहान आहे, परंतु रुग्ण, दवाखाने आणि अहवालाची इंग्रजी आपल्याकडचीच आहे. व्यंजनेचा परिणाम शरीरावर होतो, हे या अभ्यासातून दिसते.

मग अहवालातच प्रमाण सांगणारे वाक्य घातले तर? अमेरिकेत दोन लाखांहून अधिक रुग्णांवर हा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. ‘हा बदल या वयाच्या वेदनारहित लोकांतही अमुक टक्के आढळतो’ अशी ओळ अहवालात छापल्याने पुढील तपासण्या व उपचारांचे एकूण प्रमाण घटले नाही. अफूजन्य औषधांच्या चिठ्ठ्यांत किंचित घट झाली. यावरून कागदावरील एका ओळीची मर्यादा कळते. बोलून समजावून सांगण्याची जागा ती घेऊ शकत नाही.

७. प्रतिमेचे योग्य स्थान

वरील विवेचनावरून ‘प्रतिमा नकोच’ असा निष्कर्ष कोणी काढला तर तो आपल्या देशात घातक ठरेल. कर्करोगाचा पूर्वेतिहास, न उतरणारा ताप, घटणारे वजन, रात्री झोपमोड करणारी वेदना, पायातील वाढता अशक्तपणा, लघवी-शौचावरील ताबा जाणे, मोठा अपघात, हाडे ठिसूळ झालेल्या वयात पडणे : यांपैकी काही असेल तर विलंब न करता प्रतिमा काढावी लागते. इंग्लंडच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत साध्या कंबरदुखीत सर्रास प्रतिमा काढू नये असे म्हटले आहे, तेही अशा गंभीर कारणांचा संशय नसतानाच. शिवाय आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग हा आजही नेहमीचा आजार आहे. साध्या क्ष-किरणात तो उशिरा दिसतो, एम.आर.आय.मध्ये लवकर दिसतो, आणि वेळेवर कळल्यास औषधांनी रुग्णाचे पाय वाचतात. परदेशी तत्त्वे उचलताना हा फरक विसरता येत नाही.

प्रतिमेचे दुसरे योग्य स्थान सुईच्या टोकाशी आहे. सी-आर्मच्या साहाय्याने नसेच्या मुळाशी औषध पोहोचवणे, सोनोग्राफीखाली नस पाहून ती बधिर करणे, स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या असह्य वेदनेत पोटामागील नसांच्या जाळ्यापर्यंत सुई नेणे, या उपचारांत प्रतिमेमुळे अचूकता व सुरक्षितता वाढते. येथे प्रश्न आधी ठरलेला असतो आणि प्रतिमा त्याचे उत्तर शोधण्यास मदत करते. पण येथेही सावधगिरी हवी. पिचलेल्या मणक्यात सिमेंट भरण्याच्या उपचारात प्रतिमा अतिशय समाधानकारक दिसते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत, ज्यांच्या मणक्यात प्रत्यक्षात सिमेंट भरलेच नव्हते अशा रुग्णांनाही जवळपास तेवढाच आराम पडल्याचे दिसले. चित्र सुधारणे आणि माणूस बरा होणे या दोन गोष्टी वेगळ्या ठरल्या.

सोनोग्राफीच्या संदर्भात महाराष्ट्राचा एक विशेष अनुभव नोंदवावा लागेल. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला आणि २००३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. त्यामुळे वेदना-उपचारासाठी आणलेल्या सोनोग्राफी यंत्राचीही नोंदणी करावी लागते. काही डॉक्टरांना ही अडचण वाटते. परंतु प्रतिमेत जे दिसते ते सांगणे ही सामाजिक परिणाम असलेली कृती आहे, हे या राज्याने त्या कायद्याने मान्य केले. गर्भाचे लिंग सांगण्यास मनाई असल्याचा फलक अशा केंद्रात इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही लावणे बंधनकारक आहे. इंदिरानगरातील केंद्रात शिरताना तो मराठी फलक वाचायला मिळतो. त्याच दारातून बाहेर पडताना हातात आलेला अहवाल मात्र इंग्रजीत असतो. काय सांगितले जाणार नाही ते रुग्णाला मराठीत कळते; काय आढळले ते मराठीत कळत नाही.

८. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

(१) प्रतिमा रचना दाखवते, वेदना दाखवत नाही. वेदनेच्या उपचारात तिचे स्थान गंभीर कारण वगळणे किंवा शोधणे आणि सुईला वाट दाखवणे या दोन कामांत आहे. दुखण्याला नाव देण्याचे काम एकट्या प्रतिमेवर सोपवू नये.

(२) अहवाल ही तज्ज्ञाने तज्ज्ञासाठी लिहिलेली संहिता आहे. रुग्णाच्या हाती पडताच तिचा वाचक बदलतो आणि अर्थही बदलतो. म्हणून इंग्रजी अहवालासोबत चार-पाच वाक्यांचे मराठी टिपण द्यावे. काय आढळले, या वयात ते किती जणांना असते, तातडीचे काही आहे की नाही आणि हालचाल चालू ठेवावी की नाही, एवढे त्यात पुरे. रुग्णापासून काही लपवावे असे येथे सुचवावयाचे नाही. सांगताना प्रमाणही सांगावे, एवढाच आग्रह आहे.

(३) असे टिपण बोलून दिलेल्या धीराला पर्याय ठरणार नाही. २०१९ पासून देशातील वैद्यकीय पदवी अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संवाद यांचे स्वतंत्र शिक्षण आले आहे. राज्यातील आरोग्यविज्ञान शिक्षणाचे विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे. मराठी रुग्णाला मराठीत अहवाल समजावून सांगण्याचा सराव या शिक्षणाचा भाग व्हावा, अशी अपेक्षा त्याच्याकडून करणे गैर ठरू नये.

(४) मराठी बोलीतील वेदनावाचक शब्दांचा पद्धतशीर संग्रह वैद्यक व भाषा या दोन्ही विभागांनी मिळून करावा. उसण, कळ, सणक, रग हे शब्द कोणत्या प्रकारच्या दुखण्यासाठी वापरले जातात, हे महाविद्यालयीन पातळीवरील प्रकल्पातूनही नोंदता येईल.

ताईंचा अहवाल आजही घरात कपाटात आहे. त्यावरील एकही अक्षर खोटे नव्हते. त्या अक्षरांबरोबर त्यांना कोणी हात लावून तपासले असते आणि चार प्रश्न विचारले असते, तर आठ महिने त्या घरात बसून राहिल्या नसत्या.